हद्दीबाहेरची तक्रार कोण ऐकतं? ट्विच, एअरबीएनबी, टिंडर आणि इतरांच्या नियमांचं परीक्षण

तक्रारीच्या फॉर्मवर एक रकाना ठरलेला असतो: प्रकार कुठे घडला? खाली पर्याय असतात. चॅट, व्हिडिओ, प्रोफाइल, खासगी संदेश. मी गेम स्ट्रीमिंगच्या चॅनेलांवर मॉडरेटर, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारी, आहे, हौसेनं आणि विनामोबदला, आणि माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात गंभीर तक्रारी यातल्या कुठल्याच पर्यायात बसत नाहीत. प्रकार दुसऱ्या अ‍ॅपवर घडलेला असतो, फोनवर घडलेला असतो, नाहीतर एखाद्या मेळाव्यात समोरासमोर. माणसं मात्र आमच्याच चॅटमधली असतात आणि ओळखही तिथेच झालेली असते.

एका प्रकरणानं मला या विषयात ओढलं. आमच्या चॅनेलवर एक जुना प्रेक्षक होता. बोलणं सभ्य, नव्या लोकांना मदत करणारा, एकही इशारा न मिळालेला. त्यानं एका तरुण मुलीशी चॅटमध्ये ओळख वाढवली, तिला दुसऱ्या अ‍ॅपवर बोलायला नेलं आणि तिनं नकार दिल्यावर तिच्या कामाचं ठिकाण शोधून तिथे फोन करायला सुरुवात केली. तिचे फोटो तिच्या सहकाऱ्यांना पाठवले. तिनं सगळे स्क्रीनशॉट आमच्यापुढे ठेवले. आम्ही ते त्या स्ट्रीमिंग सेवेकडे पाठवले आणि छापील उत्तर आलं: प्रकार आमच्या सेवेवर घडलेला नसल्यामुळे कारवाई करता येत नाही. आम्ही त्याला आमच्या चॅनेलवरून काढलं. तो शेजारच्या चॅनेलांवर तितक्याच सभ्यपणे वावरत राहिला. मुलगी मात्र चॅटला यायची थांबली.

तेव्हापासून मी वेगवेगळ्या सेवांचे ऑफ-सर्व्हिस नियम, म्हणजे सेवेबाहेरच्या वागणुकीबद्दलचे नियम, मुळातून वाचत आले आहे आणि ते प्रत्यक्षात कसे लावले गेले हेही बघत आले आहे. माझं मत आधीच सांगते. असे नियम हवेत. पण सेवेबाहेर हात घालणाऱ्या कंपनीनं आतल्यापेक्षा जास्त कसून पुरावा तपासला पाहिजे. आत घडलेलं सगळं तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. कोण काय बोललं हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. बाहेर घडलेलं तिला कुणीतरी येऊन सांगतं. सांगणारा खरं सांगत असेल, अर्धं सांगत असेल, किंवा सूड घेत असेल. हा फरक ज्या नियमात उतरला आहे तो मला चालतो, आणि ज्यात उतरलेला नाही त्यापासून सावध राहावं असं मी सगळ्यांना सांगते.

या कसोटीवर माझ्या मते ट्विच ही गेम स्ट्रीमिंगची सेवा सगळ्यांच्या पुढे आहे.

ट्विचनं २०१८ च्या सुरुवातीला नियमांत एक वाक्य घातलं होतं: ट्विचवरच्या प्रकाराचा निर्णय घेताना बाहेरचं, पडताळून बघता येईल असं द्वेषाचं किंवा छळाचं वर्तनही विचारात घेऊ. म्हणजे आत काहीतरी घडलेलं असणं आवश्यक होतं आणि बाहेरचं त्याला जोडपुरावा म्हणून यायचं. २०२० च्या जूनमध्ये स्ट्रीमिंगच्या जगातल्या अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आणि अत्याचाराचे अनुभव उघडपणे मांडले, तेव्हा या वाक्याची मर्यादा लख्ख दिसली. त्यातल्या कित्येक प्रकारांचा स्ट्रीमशी थेट संबंध नव्हता. ते घडले होते संमेलनांत, प्रवासात, खासगी संभाषणांत. स्ट्रीमर म्हणून मिळालेली प्रसिद्धी आणि वजन मात्र त्या प्रत्येक प्रकारात वापरलं गेलं होतं.

७ एप्रिल २०२१ ला ट्विचनं वेगळं धोरण जाहीर केलं. काही अतिशय गंभीर गोष्टी पूर्णपणे ट्विचबाहेर घडल्या तरी त्यावर कारवाई होईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं आणि त्या गोष्टींची यादी दिली: जीवघेणी हिंसा आणि हिंसक अतिरेक, दहशतवादी कृत्यं किंवा त्यासाठी भरती, सामूहिक हिंसेच्या विश्वासार्ह धमक्या, लैंगिक अत्याचार करणं किंवा त्यात साथ देणं, मुलांचं लैंगिक शोषण, ट्विचच्या लोकांच्या शारीरिक सुरक्षेला थेट धोका होईल अशी कृती, कर्मचाऱ्यांना धमक्या, आणि ज्ञात द्वेषगटाचं सदस्यत्व. पुढे त्यात डॉक्सिंग आणि स्वॉटिंगची भर पडली. डॉक्सिंग म्हणजे एखाद्याचा पत्ता, फोन अशी खासगी माहिती चव्हाट्यावर आणणं. स्वॉटिंग म्हणजे खोटा फोन करून सशस्त्र पोलिसांना एखाद्याच्या घरी धाडणं. स्ट्रीमर कॅमेऱ्यासमोर थेट बसलेला असताना हे घडतं आणि त्यात माणसं मरू शकतात, म्हणून ही भर मला पूर्ण पटते.

मला यादीइतकंच महत्त्वाचं वाटलं ते पुढचं कलम. पुरावा हाती असेल आणि तो ट्विचच्या कायदा-संपर्क पथकानं किंवा बाहेरच्या तपासनीसांनी पडताळलेला असेल, तरच कारवाई होईल असं त्यात आहे. पुरावा म्हणजे काय हेही सांगितलं आहे: दुवे, स्क्रीनशॉट, व्हिडिओ, मुलाखती, पोलिसांकडची कागदपत्रं. यासाठी कंपनीनं अशा तपासांचा अनुभव असलेली कायदेतज्ज्ञांची बाहेरची संस्था नेमली आणि तक्रारीसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता उघडला. नेहमीच्या रिपोर्टच्या बटणामागे बसलेला माणूस एका तक्रारीला फार थोडा वेळ देऊ शकतो. बलात्काराच्या आरोपाची शहानिशा त्याच्यावर सोपवणं तक्रारदारावर अन्याय आहे आणि आरोप झालेल्यावरही. हे काम वेगळ्या, प्रशिक्षित लोकांचं आहे एवढं तरी या कंपनीनं ओळखलं.

उणिवा आहेतच. 'ज्ञात द्वेषगट' हे कलम बाकीच्यांपेक्षा सैल आहे. ज्ञात म्हणजे कुणाला ज्ञात, कुणाच्या यादीवरून? इतर सगळी कलमं कृतीबद्दल आहेत आणि हे एकटंच सदस्यत्वाबद्दल. नेमलेल्या संस्थेचं नाव कंपनीनं जाहीर केलं नाही. तपासावर दबाव येऊ नये हे कारण मला समजतं, पण त्यामुळे तपासाचा दर्जा बाहेरून जोखता येत नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठी उणीव वेगळी आहे. आमच्या चॅनेलवरच्या त्या मुलीसारखी केस २०२१ च्या यादीत बसत नाही. रोज फोन करणं, कामाच्या ठिकाणी गाठणं, सहकाऱ्यांना फोटो पाठवणं हा पाठलाग आहे. तो बलात्कार नाही आणि दहशतवादही नाही, त्यामुळे आत काही घडेपर्यंत तो दुसऱ्या, सौम्य वर्गात राहतो. यादी आखूड ठेवण्याची ही किंमत आहे. तरीही मी यादी मोकळी सोडा असं म्हणणार नाही. मी म्हणेन, पाठलागाचं एक स्वतंत्र कलम घाला, त्याची व्याख्या लिहा, सातत्य आणि स्पष्ट नकारानंतरचा संपर्क या दोन गोष्टींचा पुरावा मागा.

डिस्कॉर्ड या गटागटानं गप्पा मारण्याच्या सेवेनं २०२२ च्या मार्चपासून अशाच वळणाचे नियम लागू केले: द्वेषगटांशी संबंध, बेकायदा कृत्यं, द्वेषातून, लैंगिक हेतूनं किंवा हिंसेनं केलेली कृत्यं, ही सेवेबाहेर घडली तरी विचारात घेऊ. दिशा योग्य आहे. पण डिस्कॉर्डवर बहुतेक जगणं बंद सर्व्हरांच्या, म्हणजे खासगी गटांच्या, आत चालतं आणि तिथला मॉडरेटर बहुधा माझ्यासारखाच हौशी असतो. त्याच्या हातात कोणती पद्धत असावी हे त्या नियमातून कळत नाही.

पेट्रिऑनकडे मी जरा वेगळ्या कुतूहलानं पाहिलं, कारण तिथे प्रश्न पोटापाण्याचा आहे. प्रेक्षक दर महिन्याला कलाकाराला थेट पैसे देतात. अकाउंट गेलं की उत्पन्न गेलं. २०१७ मध्ये या कंपनीचे सहसंस्थापक जॅक काँटे यांनी एक कसोटी मांडली होती: आम्ही हेतू किंवा विचार तपासणार नाही, कॅमेऱ्यात किंवा ध्वनिमुद्रणात दिसणारं, ऐकू येणारं वर्तनच तपासू. ही कसोटी मला आवडते. मनात काय होतं यावर वाद घालण्यात तक्रारींचे महिने जातात आणि हाती काही लागत नाही. पण २०१८ च्या डिसेंबरमध्ये कार्ल बेंजामिन या यूट्यूबरचं अकाउंट बंद झालं, ते त्यानं दुसऱ्याच कुणाच्या यूट्यूब चॅनेलवरच्या मुलाखतीत वापरलेल्या वांशिक शिव्यांवरून. वर्तन ध्वनिमुद्रित होतं, म्हणजे कसोटीत बसत होतं. अडचण अशी की पेट्रिऑनच्या पैशांशी संबंध नसलेल्या ठिकाणी बोललेलंही या नियमाखाली येतं, हे अनेक निर्मात्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. निषेध म्हणून लेखक आणि पॉडकास्टर सॅम हॅरिस यांनी त्याच महिन्यात पेट्रिऑन सोडलं, जॉर्डन पीटरसन आणि डेव्ह रूबिन यांनी पाठोपाठ. त्या शिव्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. नियमाची हद्द कारवाईच्या दिवशी कळावी, याला मात्र माझा विरोध आहे.

स्पॉटिफायचा प्रयोग जेमतेम तीन आठवडे टिकला. १० मे २०१८ ला त्यांनी द्वेषपूर्ण वर्तनाबद्दलचं धोरण आणलं: कलाकाराचं वागणं विशेष घातक असेल तर त्याची गाणी ऐकता येतील, पण स्पॉटिफाय ती आपल्या प्लेलिस्टमधून पुढे करणार नाही. आर. केली आणि एक्सएक्सएक्सटेंटासिऑन हे दोघे गायक लगेच प्लेलिस्टमधून गेले. १ जूनला कंपनीनं धोरणाचा हा भाग मागे घेतला. भाषा संदिग्ध होती आणि नुसत्या आरोपावरून कुणाच्याही संधी जातील अशी भीती कलाकारांत पसरली, हे तिनंच मान्य केलं. मला वाटतं, गाणं काढून टाकण्याऐवजी त्याची शिफारस थांबवणं हा मधला उपाय अगदी चांगला होता. त्याच्याखाली पाया नव्हता. कोणता पुरावा चालेल, कोण ठरवेल, कलाकाराला म्हणणं मांडता येईल का, याची उत्तरं धोरणासोबत यायला हवी होती. एक चांगली कल्पना तयारीअभावी फुकट गेली आणि त्यानंतर 'पाहा, हे जमतच नाही' म्हणणाऱ्यांना कायमचं उदाहरण मिळालं.

आर. केलीचंच पुढे यूट्यूबवर काय झालं ते यासोबत ठेवून पाहा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं त्याला लैंगिक शोषणाच्या खटल्यात दोषी ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये यूट्यूबनं त्याची दोन अधिकृत चॅनेलं बंद केली. गाणी यूट्यूब म्युझिकवर राहिली. दोषी ठरल्यावर कारवाई म्हणजे पुराव्याचा प्रश्न न्यायालयानं सोडवलेला. दोन वर्षांनी यूट्यूबनं इतका वेळ थांबायचं नाही असं ठरवलं. १६ सप्टेंबर २०२३ ला ब्रिटनमधल्या दोन वृत्तपत्रांनी आणि चॅनेल ४ नं विनोदी कलाकार आणि यूट्यूबर रसेल ब्रँडवरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप प्रसिद्ध केले, आणि तीन दिवसांत यूट्यूबनं त्याच्या चॅनेलांची जाहिरातींची कमाई थांबवली. निर्मात्याचं सेवेबाहेरचं वर्तन आमच्या वापरकर्त्यांना, कर्मचाऱ्यांना किंवा एकूण व्यवस्थेला घातक असेल तर आम्ही पावलं उचलतो, असं कारण दिलं गेलं. ब्रँडनं आरोप नाकारले होते. व्हिडिओ तसेच राहिले. ब्रिटिश संसदेच्या समितीच्या अध्यक्ष कॅरोलाइन डायननेज यांनी रम्बल या दुसऱ्या सेवेलाही पत्र लिहून तिची भूमिका विचारली, तेव्हा रम्बलनं कमाई थांबवायला ठाम नकार दिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये ब्रँडवर गुन्हे दाखल झाले. तेही त्यानं नाकारले आहेत.

यूट्यूबच्या या निर्णयाबद्दल मी खूप विचार केला आहे आणि शेवटी मी त्या बाजूची नाही. पत्रकारांनी दीर्घ तपास केला होता, आणि अनेक स्त्रिया बोलल्या होत्या, हे मी गंभीरपणे घेते. पण यूट्यूबनं स्वतः काय तपासलं ते सांगितलं नाही. पुढच्या निर्मात्याला यातून एवढंच कळतं की मोठी बातमी आली की कमाई थांबते, आणि ज्या स्त्रीच्या मागे मोठं वृत्तपत्र नाही तिच्या तक्रारीवर थांबत नाही. मला दुसरा भाग जास्त टोचतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या बातम्या होत नाहीत.

आता एअरबीएनबी. इथे सेवेचा सगळा गाभाच बाहेर आहे. अ‍ॅपवर फक्त बुकिंग होतं. झोपायचं कुणाच्या तरी घरी. त्यामुळे बाहेरच्या वागण्याकडे पाहण्याचा अधिकार या कंपनीला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१६ मध्ये तिनं सगळ्या सदस्यांकडून एक वचन घ्यायला सुरुवात केली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, अपंगत्व, लिंग, लैंगिक कल, वय यांवरून भेदभाव न करता सगळ्यांशी वागेन. वचन नाकारलं तर घर देता येत नाही आणि घेताही येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल इथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा भरणार होता. त्यासाठी घरं घेऊन तिथे जमण्याचे बेत होत आहेत हे कळल्यावर एअरबीएनबीनं मेळाव्याआधीच ती बुकिंगं रद्द केली, अकाउंटं काढली. १२ ऑगस्टला तिथे एकानं निदर्शकांच्या गर्दीत गाडी घातली आणि एका स्त्रीचा जीव गेला. आधी केलेली ती कारवाई योग्य होती असं मला वाटतं, कारण ती ठरावीक बेताबद्दल होती आणि तो बेत याच सेवेच्या घरांतून पार पडणार होता. २०२१ च्या जानेवारीत कॅपिटॉलवरच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवरच्या, हल्ल्यानंतर कंपनीनं राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आठवड्यातली वॉशिंग्टन परिसरातली सगळीच बुकिंगं रद्द केली, पाहुण्यांना पैसे परत दिले आणि यजमानांचं नुकसान स्वतः भरून दिलं. कुणावर ठपका न ठेवता सगळ्यांना सारखं थांबवलं आणि खर्च आपल्या अंगावर घेतला, हे मला विशेष आवडलं.

याच कंपनीची दुसरी बाजू मला अजिबात मान्य नाही. २०२३ मध्ये मदरबोर्ड या वृत्तसंकेतस्थळानं समोर आणलं की एअरबीएनबी काही लोकांवर बंदी घालते ती त्यांनी स्वतः काही केलं म्हणून घालत नाही; बंदी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीशी त्यांचा जवळचा संबंध आहे, म्हणून घालते. बंदी असलेला माणूस जोडीदाराच्या नावावर घर घेईल, अशी कंपनीची भीती. भीती खोटी नाही. पण यात शिक्षा होते ती ओळखीची. बायकोनं, बहिणीनं, खोलीतल्या मैत्रिणीनं कोणती गोष्ट सिद्ध करायची? न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुणालाच देता येत नाही. पूर्वी हिंसाचार सोसलेली स्त्री त्या नवऱ्याशी कागदोपत्री जोडलेली राहते आणि घर सोडून पळताना तिलाच राहायला जागा मिळत नाही, इथवर हा नियम जाऊ शकतो. शिवाय याच कंपनीनं २०१७ मध्ये ट्रूली नावाची कंपनी विकत घेतली होती. माणसाच्या ऑनलाइन खुणांवरून तो किती विश्वासार्ह आहे याचा अंदाज बांधणाऱ्या तंत्राचं पेटंट त्या व्यवहारातून एअरबीएनबीकडे आलं. पेटंट असणं म्हणजे ते वापरणं नव्हे. तरीही दिशा पाहा: केलेल्या कृतीपासून संबंधाकडे, संबंधाकडून स्वभावाच्या अंदाजाकडे. प्रत्येक पायरीवर पुरावा पातळ होत जातो आणि शिक्षा तेवढीच राहते.

फेसबुकची 'धोकादायक व्यक्ती आणि संघटना' यादी याच पंगतीतली. सेवेवरचं आणि प्रत्यक्ष जगातलं अशा दोन्ही ठिकाणचं वर्तन पाहून तिच्यात नावं घातली जातात. यादी गुप्त होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये द इंटरसेप्ट या वृत्तसंकेतस्थळानं ती छापली तेव्हा चार हजारांहून जास्त नावं जगाला प्रथमच दिसली. ज्यांची स्तुती केल्यावर आपली पोस्ट काढली जाते, त्यांची नावंच लोकांना माहीत नव्हती.

डेटिंग अ‍ॅप्सकडे मी सगळ्यात जास्त आशेनं आणि सगळ्यात जास्त रागानं पाहते. भेट बाहेर होते म्हणूनच लोक ती डाउनलोड करतात. टिंडरचे नियमही सांगतात की प्रत्यक्ष भेटीतल्या वर्तनावरून अकाउंट जाऊ शकतं. लेखी भूमिका उत्तम. पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था आणि कोलंबिया विद्यापीठ यांच्या शोधपत्रकारांनी दाखवलं की टिंडरची मालक असलेली मॅच ग्रुप ही कंपनी मॅच या सशुल्क सेवेवरची नावं लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदींशी ताडून बघते, आणि टिंडर, ओकेक्युपिड, प्लेंटी ऑफ फिश यांच्या मोफत वापरकर्त्यांची बघत नाही. सुरक्षितता पैसे भरणाऱ्यालाच.

२०२१ मध्ये मॅच ग्रुपनं गार्बो या ना-नफा संस्थेत पैसे गुंतवले आणि पुढच्या वर्षी टिंडरवरून तिची पार्श्वभूमी-तपासणी सुरू झाली. गार्बोची एक गोष्ट मला मनापासून आवडली: हिंसेच्या नोंदी दाखवायच्या, पण अमली पदार्थ बाळगल्याचे गुन्हे आणि वाहतुकीचे किरकोळ गुन्हे मुद्दाम वगळायचे. अशा गुन्ह्यांत अमेरिकेत काळ्या लोकांवर जास्त कारवाई होते आणि भेटायला येणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षेशी त्यांचा संबंध नसतो. काय पाहायचं नाही हे आधी ठरवणं फार कमी लोकांना सुचतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ही भागीदारी संपली. २०२५ च्या फेब्रुवारीत द मार्कअप आणि इतर पत्रकारांच्या तपासात दिसलं की याच कंपनीच्या अ‍ॅप्सवर तक्रारी आणि बंदी झालेली माणसं सहज नव्यानं अकाउंट उघडतात. ज्या स्त्रीनं धैर्य गोळा करून तक्रार लिहिली तिला यापेक्षा मोठा अपमान नाही.

अ‍ॅपची रचनाच पुराव्याच्या विरोधात काम करते, हेही बघायला हवं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एबीसीच्या पत्रकारांनी दाखवलं की अत्याचारानंतर पुरुष टिंडरवर 'अनमॅच' करत, म्हणजे जुळलेली ओळख तोडत, आणि त्यासरशी स्त्रीच्या फोनवरून त्याची प्रोफाइल आणि सगळं संभाषण नाहीसं होई. तक्रार करायला नावसुद्धा उरत नसे. त्यानंतर टिंडरनं अनमॅच झालेल्या व्यक्तीचीही तक्रार करता येईल असा बदल केला.

उबर आणि लिफ्ट या स्पर्धकांनी २०२१ च्या मार्चमध्ये केलेली व्यवस्था मला याहून भक्कम वाटते. गंभीर लैंगिक अत्याचारासाठी किंवा मृत्यूला कारण ठरलेल्या मारहाणीसाठी एकीनं काढलेल्या चालकाची माहिती दुसरीला मिळते, तीही हायरराइट या तिसऱ्या कंपनीमार्फत. दोनच अतिगंभीर वर्ग आणि मध्ये तिसरा पक्ष. चालकाला उलट बोलायची संधी कुठे आणि कशी मिळते, हे मात्र तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. एका ठिकाणची चूक दोन्हीकडची रोजीरोटी घेते.

युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला आणि या विषयात मला मिळालेली ती सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट आहे. कंपनीनं अकाउंट बंद केलं, मजकूर काढला किंवा कमाई थांबवली तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यात तथ्यं आणि नियमाचं कलम सांगावं लागतं. अगदी छोट्या कंपन्या सोडून बाकीच्या सेवांना अंतर्गत अपिलाची सोय ठेवावी लागते, आणि त्यानंही समाधान झालं नाही तर न्यायालयाबाहेर मान्यताप्राप्त मंडळाकडे जाता येतं. तक्रार फेटाळली गेली तर तक्रारदारालाही अपील करता येतं. हे शेवटचं वाक्य मी मॉडरेटरांच्या आमच्या गटात ठळक अक्षरांत टाकून ठेवलं आहे.

हल्ली कुणी माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलं की मी आधी तिला काहीही डिलीट करू नको म्हणून सांगते, ब्लॉक करण्याआधी सगळं साठवायला लावते. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. निवडक वाक्यं नकोत, सलग संभाषण हवं, तिचे स्वतःचे संदेशही. प्रोफाइलचा दुवा कॉपी करून वेगळा ठेवायचा, कारण नाव बदलता येतं. नकार दिल्याचा संदेश कोणता आणि त्यानंतरचे संपर्क कोणते, हे तारखेनुसार एका कागदावर लिहायचं. पोलिसांकडे गेली असेल तर नोंदीचा क्रमांक जोडायचा. मग त्या सेवेचं ऑफ-सर्व्हिस धोरण उघडून जे कलम लागू पडतं त्याचे शब्द तक्रारीच्या पहिल्याच ओळीत घालायचे. उत्तर आलं की त्यात कोणत्या कलमाचा उल्लेख आहे ते पाहायचं, आणि नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन ते विचारायचं.